गुऱ्हाळासमोरचं हवाबंद घर

"चुलवाण विझवायचं तेवढं सांगू नका, मॅडम. दुसरं काय बी सांगा."

आकाराम चौगले चुलवाणाच्या भट्टीवर चढवलेल्या मोठ्या काहिलीतल्या उकळत्या रसावर नजर ठेवून बोलत होता. माझ्याकडे त्याने अजून नीट पाहिलंही नव्हतं. डिसेंबरातली सकाळ होती. भोगावतीवरून चढलेलं धुकं उसाच्या तुऱ्यांवर अडकून राहिलं होतं, त्यात गुऱ्हाळाचा धूर मिसळला होता, आणि थोड्या अंतरापलीकडचं सगळं पांढरं होतं. त्या पांढऱ्यातून माणसं यायची, उसाची मोळी टाकायची आणि परत त्यातच विरून जायची. आदल्या रात्री मला धड झोप लागली नव्हती. त्यामुळे आपण जागे आहोत की अजून कोल्हापुरातल्या लॉजच्या गादीवरच आहोत, याची मला पक्की खात्री नव्हती.

"विझवा असं मी म्हणतच नाही," मी म्हणाले. "पण मी पंखा लावून घरातली हवा बाहेर ओढणार. मग जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसणार. म्हणजे तुमचा धूर आत येणार. नवं घर आहे, भिंतींना वास लागेल."

त्याने लांब दांड्याच्या झाऱ्याने रसावरची काळपट मळी बाजूला ओढली आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. उंच, वाळका माणूस. भुवयांचे केस टोकाला जळून तांबूस झालेले.

"लागू दे की," तो म्हणाला. "फट कुठं हाय ते तरी कळंल. आमचा धूर डोळ्याला दिसंना झाला तरी नाकाला घावतोय. वासावर जावा, मॅडम."

माझ्या पिशवीत उदबत्तीचा पुडा होता. फटी शोधायला उदबत्ती फिरवायची, धूर जिथे वाकडा होईल तिथे बोट ठेवायचं, असं मला शिकवलं होतं. अख्खं गुऱ्हाळ उदबत्ती म्हणून वापरायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. पण माझं नाक बऱ्यापैकी लांब आहे आणि कॉलेजात त्यावरून माझी पुरेशी थट्टा झालेली आहे. म्हटलं, चला, आज त्याला काम मिळालं.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. इमारती किती हवाबंद आहेत ते तपासणाऱ्या पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत मी होते. आमची गिऱ्हाइकं म्हणजे काचेची ऑफिसं आणि शीतगृहं. थंड केलेली हवा फटींतून पळाली की वीज वाया जाते, म्हणून ती फट शोधायची, बुजवायची आणि विजेचं बिल खाली आणायचं. दारात बसवायचा एक मोठा पंखा, त्याभोवती ताणायचं लाल कापड आणि हवेचा दाब दाखवणारं एक यंत्र, एवढा माझा संसार. खेडेगावातल्या, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेल्या घराचं काम आमच्याकडे त्याआधी कधी आलं नव्हतं. साहेबांना वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. मला वाटलं निदान ताजा गूळ तरी खायला मिळेल.

आकारामने फोनवर एकच सांगितलं होतं, "माझी पोरगी त्या घरात ऱ्हाणार हाय. नीट बघून द्या."

बाकीचं मला त्याच्या बायकोने, वैजयंताने सांगितलं. घर गुऱ्हाळापासून हाकेच्या अंतरावर होतं. मी मागच्या दारात पंखा बसवत होते आणि ती कापडाचं एक टोक धरून उभी होती.

"ईश्वरीला दमा हाय, ताई. पाच वर्सांची हुती तवा पयल्यांदा धाप लागली. डॉक्टर म्हणाले, धुरात ठेवू नका. आता गुळव्याच्या घरात धूर न्हाई म्हंजे काय करायचं? दसऱ्याला चुलवाण पेटलं की पोरीला कणकवलीच्या फुडं, समुद्राकाठी माझ्या भनीकडं सोडायचं, आन् शिमगा झाला की आणायचं. तीन दिवाळ्या झाल्या. फराळाचा डबा घिऊन मीच घाट उतरती."

"मग गावात घर बांधायचं होतं ना, गुऱ्हाळापासून लांब."

"गावात काय कमी धूर हाय व्हय? चहूबाजूला गुऱ्हाळं. आन् ह्यांचं म्हणणं, काहील आन् पोरगी, दोन्ही नजरंत पायजेत." ती कापड आणखी घट्ट धरत म्हणाली, "कुठंतरी वाचलं ह्यांनी, परदेशात हवाबंद घरं असत्यात. हवा गाळून आत घेत्यात. तवापास्नं डोक्यात तेच."

हवा गाळणारं यंत्र त्याने आणलं होतं. गावात दिवसातून आठ आठ तास वीज नसायची, म्हणून छपरावर सौरपट्ट्या बसवल्या होत्या. पण त्या पट्ट्यांची ताकद बेताची. घराला फटी राहिल्या तर यंत्र कितीही धापा टाकत चाललं तरी धुराला पुरं पडणार नाही, असं कोल्हापूरच्या इंजिनिअरने स्पष्ट सांगितलं होतं. खिडक्यांना न उघडणारी दुहेरी काच, दारांना रबराच्या पट्ट्या, स्वयंपाकाला विजेची शेगडी, सगळं झालं होतं. आता घर खरंच हवाबंद आहे की नाही ते मी सांगायचं होतं.

"आज तिची मावशी तिला घिऊन दाजीपुरात येऊन थांबलीया," वैजयंता म्हणाली. "तिथं रानातली हवा चांगली. तुमी हो म्हणालासा की फोन करायचा. न्हाई म्हणालासा तर ती तिथनंच माघारी."

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. एरवी एखाद्या इमारतीला मी बेधडक नापास करायचे. त्या सकाळी पंख्याभोवतीचं कापड मी दोनदा तपासलं.

पंखा सुरू केला. घरातली हवा बाहेर जाऊ लागली आणि घर बोलायला लागलं. घरं तशी बोलतातच. एखादं शिट्टी वाजवतं, एखादं झोपेत कण्हल्यासारखं करतं. हे घर कुजबुजत होतं, खूप हळू, पण सारखं. यंत्रावरचा आकडा बघितला. एका तासात घरातली हवा किती वेळा बदलते ते त्यावरून कळतं. दोनच्या आत यायला हवं होतं. आलं होतं सहाच्या वर.

वैजयंता माझ्या तोंडाकडे बघत होती.

"फट आहे," मी म्हणाले. "बरीच मोठी आहे. पण एकाच जागी असेल तर बरं."

मी डोळे मिटले आणि नाक पुढे करून चालायला लागले. अजून आठवतं, ते चालणं मला फार आवडलं. बाहेर धुकं, आत अर्धवट उजेड, रिकाम्या खोल्यांना नव्या चुन्याचा गारवा. त्या गारव्यात कुठेतरी एक गोड, जळका धागा तरंगत होता. तो सापडायचा, हरवायचा, परत सापडायचा. निजायच्या खोलीत काही नव्हतं. तिथे भिंतीला लागून एक छोटी खाट होती, तिच्यावर नवी चादर, आणि उशीच्या अभ्र्यावर वैजयंताने दोऱ्याने भरलेलं बदक. स्वयंपाकघरात वास थोडा दाट झाला. बाहेरच्या खोलीत तो इतका दाट झाला की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी गुडघ्यांवर बसले, मग चक्क पालथी पडले. पुढच्या दाराच्या उंबऱ्याखालून गुळाच्या धुराचा झोत माझ्या चेहऱ्यावर येत होता.

"इथे," मी पडल्या पडल्याच ओरडले. "उंबऱ्याखाली पोकळ आहे. दुसऱ्या कशाने नाही, याच्यानेच गळतंय."

वैजयंताने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! चौकटीची पुरचुंडी!"

चौकट बसवताना पूजा केली होती. हळदकुंकू, सुपारी, पाच धान्यं आणि एक नाणं लाल फडक्यात बांधून उंबऱ्याखाली ठेवलं होतं. गवंड्याने बाकी सगळीकडे सिमेंट ठासून भरलं, पण तेवढी जागा सोडली. देवाच्या पुरचुंडीवर थापी कशी मारायची, म्हणून त्याने वर नुसती फरशीची पातळ चिप बसवली. पुढे फडकं कुजलं, धान्याला मुंग्या लागल्या, मुंग्यांनी बाहेरपर्यंत वाट केली. इतका खर्च करून काच आणि रबर आणलं आणि धुराला वाट देवाच्याच नावाने सोडली होती.

आकारामला बोलावलं. तो काहील दुसऱ्या माणसाच्या हाती देऊन आला, पण दाराबाहेरच उभा राहिला. घर झाल्यापासून तो आत शिरलाच नव्हता, असं वैजयंता म्हणाली. पायाचा चिकटा फरशीला लागेल म्हणून.

"काढायची म्हंजे, चालतंय का?" तो बायकोला विचारत होता.

"पोरगी घरात यायची म्हंजे देवाला काय वाईट वाटणार हाय व्हय?" वैजयंता म्हणाली. तिने स्वतः चिप उचकटली, ओल्या मातीतून ते काळं पडलेलं फडकं बाहेर काढलं, कपाळाला लावलं आणि देवघरात नेऊन ठेवलं. मग आकारामने बाहेरून आणि आम्ही दोघींनी आतून ती पोकळी भरली. सिमेंट वाळायला वेळ नव्हता, म्हणून आधी माझ्याकडचा चिकट लगदा ठासला आणि वरून सिमेंट ओढलं.

दुसऱ्यांदा पंखा लावला तेव्हा घर कुजबुजलं नाही. यंत्रावरचा आकडा खाली खाली येत दोनच्या खाली जाऊन थांबला. मी पंखा बंद केला, मागचं दार लावून घेतलं. इतकी शांतता झाली की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येईल. काचेपलीकडे माणसं मोळ्या टाकत होती, बैल मान हलवत होता, आकाराम हातवारे करून कुणावर तरी ओरडत होता, आणि त्यातलं काहीच आत येत नव्हतं. पाण्याखालून गाव बघावं तसं वाटलं. मला तिथेच खाली बसून झोपावंसं वाटलं, इतकं ते चांगलं होतं.

"करा फोन," मी म्हणाले.

वैजयंताला नंबर लावता येईना. दोनदा चुकला. शेवटी मीच लावून दिला.

आत शिरलेला धूर निघावा म्हणून हवा गाळणारं यंत्र चालू करून ठेवलं. तासाभराने गाडी आली. ती अगदी दाराला लागली. मावशीने पोरीच्या नाकातोंडावर ओला रुमाल धरला, दार उघडलं, पोरगी आत आणि दार बंद. ईश्वरी. आठ वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्यावर जुनं खरचटलेलं. तिने रुमाल काढला आणि घरभर धावायला सुरुवात केली. खाट बघितली, बदक बघितलं, विजेची शेगडी चालू-बंद करून बघितली. मावशीकडे राहून तिच्या बोलण्याला कोकणी हेल आला होता.

"आई गो, हय धूरच नाय!" ती म्हणाली, आणि आईच्या कंबरेला मिठी मारली. वैजयंता रडत होती आणि हसत होती. मावशीही रडत होती. मी परकी बाई, पण माझेही डोळे भरले, खोटं कशाला सांगू?

"आप्पा कुठं?"

आप्पा येऊ शकत नव्हते. काहिलीतला रस गुळावर आला होता. तेव्हा गुळव्याने पाठ फिरवली की सगळा घाणा करपतो. ईश्वरी मोठ्या काचेला नाक लावून उभी राहिली. बाहेर चार माणसांनी काहील उचलून गूळ थंड करायच्या वाफ्यात उपडी केली, सोनेरी लगदा पसरला, आणि आकारामने झारा टाकून दिला. मग तो धावत निघाला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, लुंगी सावरत, उसाच्या पाल्यावरून घसरत धावत येत होता.

दारात त्याने पाय पुसले. दोनदा पुसले. आत आला, आणि ईश्वरीने त्याच्या अंगावर उडी घेतली. त्याने तिला उचलून छातीशी धरलं. तिने त्याच्या मानेत तोंड खुपसलं. मी तोंड फिरवलं आणि यंत्राच्या वायरी गुंडाळायला लागले, कारण असलं काही बघत राहणं बरं दिसत नाही.

आधी एक खोकला आला. मग दुसरा. मग त्याला खंड पडेना.

"खाली ठेव तिला," वैजयंता म्हणाली. नवऱ्याला ती एरवी अहोजाहो करायची.

त्याने तिला खाली ठेवलं. पोरीच्या गळ्याखालचा खळगा श्वासागणिक आत ओढला जात होता. मावशीने पिशवीतून पंप काढून तोंडाला लावला. आकाराम भिंतीला चिकटून उभा होता. त्याचे हात अजून तिला धरल्यासारखे पुढेच होते.

पंपाने आराम पडला. ईश्वरी खाटेवर आडवी झाली. आकाराम माझ्याकडे वळला.

"मॅडम, परत मशीन लावा. कुठंतरी अजून फट ऱ्हायलीया."

मी गुंडाळलेली वायर पिशवीत ठेवली.

"लावा की. तुमच्या नाकानं बघा. कुठनंतरी धूर येतोय न्हवं?"

धूर कुठून येत होता ते मला कळत होतं. माझ्यापासून दोन हातांवर तो उभा होता. सदऱ्यातून, लुंगीतून, केसांतून, जळक्या भुवयांतून तोच गोड जळका वास येत होता, सकाळी उंबऱ्याखाली होता त्याहून दाट. मी वैजयंताकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. तिने कपाटातून नवा पांढरा सदरा काढला, साबणाची अख्खी वडी त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "अवो, अंघोळ करून या."

तो मागच्या हौदावर गेला. गार पाण्याने, डिसेंबरात, अंग घासघासून धुतलं. परत आला तेव्हा कातडी लाल झाली होती आणि ओल्या केसांतून पाणी ठिबकत होतं. खाटेपासून लांब, दाराशीच उकिडवा बसला. ईश्वरी त्याला मावशीच्या शेजारच्या मांजरीबद्दल सांगत होती. तो "हूं, हूं" करत होता. मांजरीला पिल्लं झाली तिथपर्यंत गोष्ट आली आणि पोरीला परत ठसका लागला.

तीस वर्षं तो त्या चुलवाणापुढे उभा होता. धूर त्याच्या अंगावर बसलेला नव्हता, अंगात मुरलेला होता. एका वडीने तो काय निघणार?

तो उठला. कुणी त्याला उठ म्हटलं नाही. दार उघडायच्या आधी त्याने मला हळूच विचारलं, "मीच न्हवं, मॅडम?"

मी होय म्हणून मान हलवली. आयुष्यात मी पुष्कळ फटी दाखवल्या, पण त्या दिवशीसारखं नकोसं काम परत वाट्याला आलं नाही.

तो गेल्यावर वैजयंता खाटेच्या कडेला बसली. मग मावशीने काचेकडे बोट दाखवलं. गुऱ्हाळाच्या धुराड्यातून येणारा धूर विरळ होत चालला होता. चुलवाणाच्या तोंडाशी आकाराम वाकला होता. लोखंडी सळईने उसाचं जळतं चिपाड बाहेर ओढून तो त्यावर पाणी मारत होता. भोवती माणसं नुसती उभी होती.

"विझवतायत," वैजयंता म्हणाली. "माझ्या सासऱ्यांची माती झाली त्या दिवशीबी हे चुलवाण विझलं नव्हतं."

"कशाला विझवतायत?" ईश्वरीने विचारलं.

"तुझ्यासाठी गं बाळा. आता धूर न्हाई. आता आप्पा कायम घरात."

मला वाटलं पोरगी उड्या मारेल. ती खाटेवरून उतरली आणि काचेपाशी जाऊन दोन्ही तळव्यांनी काच बडवायला लागली. "आप्पा, नको! नको ना!" त्या काचेतून आवाज जाणं शक्य नव्हतं. ती काच तशीच निवडलेली होती.

"असं गं काय करतेस?" मावशी तिला धरत म्हणाली.

"माझ्यामुळं कायच विझवू नका!" ती ओरडली. "मावशीकडं माझ्यामुळं उदबत्ती लावीत नाय. माझ्यामुळं फोडणी देत नाय, काका बिडी प्यायला बंदरापर्यंत जातत. माझ्यामुळं शेजारची होळी लांब केली. मला कळतंय सगळा. आता आप्पांचा पण माझ्यामुळं. मला नको." मग ती माझ्याकडे वळली, कदाचित त्या खोलीत मीच एक तिच्यासाठी काही न सोडलेली होते म्हणून. "तू जा ना ताई. सांग त्यांना. विझवलंत तर मी परत मावशीकडं जाणार. आताच्या आता जाणार."

तिच्या आईने डोळ्यांनीच मला जा म्हटलं. मी चप्पल न घालता धावले. पाल्याची पाती पायाला कापत होती. चुलवाणाच्या तोंडाशी वाफ आणि राख उडत होती, आकारामच्या हातात बादली होती. आत खोलवर थोडे निखारे अजून लाल होते.

"थांबा," मी म्हणाले. "ईश्वरी नको म्हणतेय."

"ल्हान हाय ती. तिला काय कळतंय?"

"सगळं कळतंय." आणि मी तिचं बोलणं जसंच्या तसं त्याला सांगितलं. उदबत्ती, फोडणी, बिडी, होळी.

त्याने बादली खाली ठेवली. चिपाडाच्या ढिगावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याची माणसं दुसरीकडे बघत राहिली. पांढरं ऊन धुक्यातून खाली यायला लागलं होतं, आणि वाफ्यातला गूळ थंड होत होता.

"असं म्हणाली व्हय," तो शेवटी म्हणाला. "तीन वर्सं मला वाटायचं, पोरगी तिकडं मजेत हाय. समुद्र हाय, मासं हायत." त्याने नाक पुसलं. "बादलीनं विझवायचं तर मला पयल्या वर्सालाच विझवता आलं असतं, मॅडम. मग दुसरं काय करू? मला काय येतंय दुसरं?"

मग तो उठला, सळई उचलली आणि निखारे पुढे ओढले.

"टाका रं चिपाड," तो माणसांना म्हणाला. "बघत काय ऱ्हायलाय? टाका."

मला त्याने पुढचं जाता जाता सांगितल्यासारखं सांगितलं. घरात वैजयंता आणि ईश्वरी राहतील. तो हंगाम संपेपर्यंत गुऱ्हाळातच झोपेल, जेवण तिथेच घेईल. शिमग्यानंतर चुलवाण थंड झालं, की केस उतरवेल, नदीला जाऊन महिनाभर रोज अंघोळ करेल आणि मगच घरात पाऊल टाकेल. "दार उघडझाप करायला नको," तो म्हणाला. "मेहनत घिऊन बंद केलंया तुमी."

मी संध्याकाळी निघाले. सामान गाडीत टाकत होते तेव्हा घरात दिवा लागला होता. मोठ्या काचेच्या आत ईश्वरी एका स्टुलावर बसली होती, मांडीवर ताटली. काचेच्या बाहेर आकाराम उकिडवा बसला होता, हातात केळीच्या पानावर गरम गूळ. तसाच गूळ वैजयंताने तिला आत नेऊन दिला होता. दोघं एकमेकांकडे बघत खात होते. त्याने एक बोट चाटलं की तीही एक बोट चाटायची आणि हसून वाकायची.

निरोप घ्यायला मी त्याच्याजवळ गेले. मला वाटलं होतं, काहीतरी धीराचं बोलावं लागेल.

"घाट उतरून तीन तास जायला लागायचं," तो म्हणाला. नजर पोरीवरच होती. "आता काचंएवढीच लांब हाय. लई जवळ आणलासा मॅडम तुमी."

त्याला हे मनापासून वाटत होतं. मी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हाताला दोन दिवस गुळाच्या धुराचा वास येत राहिला.

गाडी वळवताना मी मागे बघितलं. आत ईश्वरी स्टुलावर उभी राहून, हात पसरून, वेण्या उडवत काहीतरी लांबलचक सांगत होती. बहुतेक मांजरीची राहिलेली गोष्ट असावी. बाहेर आकारामला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. तो काचेला कपाळ लावून तिच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होता आणि म्हणत होता, "व्हय. व्हय गं. व्हय."